पुलावरचा तो एक सेकंद मोजा : बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना खुलं पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पुलांची जबाबदारी सांभाळणारे सार्वजनिक बांधकाम विभागाचे सर्व अभियंते

विषय : पुलांच्या देखरेखीच्या निविदांमध्ये वेगवान स्ट्रेन-मापनाची अट घालण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीचा. बांधकामांवर ऑप्टिकल फायबरचे सेन्सर बसवणं आणि त्यांची नोंद वाचणं हे माझं रोजचं काम आहे. मी कुठल्याही यंत्राचा विक्रेता नाही, हे आधीच सांगतो. मागणी एकच आहे. यापुढे एखाद्या पुलाच्या देखरेखीसाठी सेन्सर मागवाल, तेव्हा सेकंदाला किमान शंभर वेळा स्ट्रेन, म्हणजे भारामुळे पुलाच्या अंगात येणारा सूक्ष्म ताण-फरक, मोजणारी यंत्रणा मागवा. तासाला किंवा दहा मिनिटांना एक आकडा देणारी यंत्रणा घेऊन समाधान मानू नका.

हे का लिहावं लागतंय? एका जुन्या पुलाची वर्षभराची नोंद मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आली. पूल कुठला, काम कुणाचं, ते इथे महत्त्वाचं नाही. दर दहा मिनिटांनी एक आकडा याप्रमाणे सगळा तक्ता भरलेला होता. आलेख काढला तर दुपारी वर आणि पहाटे खाली, रोज तसंच. पावसाळ्यात लाट थोडी बसकी, एप्रिल-मेमध्ये उंच. म्हणजे तो उन्हाचा आलेख होता. त्या वर्षात पुलावरून किती ट्रक, किती एसटी, किती ट्रॅक्टर गेले असतील. पण एकाचीही खूण त्या तक्त्यात नव्हती. पैसे खर्च झाले होते, अहवालही बांधून तयार होता, आणि पुलानं काय सोसलं याची ओळ त्यात नव्हती.

गणित साधं आहे. ताशी ६० किलोमीटरनं जाणारा ट्रक सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापतो. २० मीटरचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग, ओलांडायला त्याच्या पुढच्या चाकाला लागतो सव्वा सेकंद. पुलाच्या दृष्टीनं जे काही घडायचं ते त्या एक-दोन सेकंदांत घडून जातं. ट्रकच्या मागच्या जोड-एक्सलमधलं अंतर साधारण सव्वा ते दीड मीटर, म्हणजे दोन एक्सल एकाच बिंदूवरून जाण्यात सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ जातो. २०-२५ मीटर गाळ्याचा काँक्रीटचा पूल स्वतः सेकंदाला चार-पाच वेळा हेलकावतो. हे सगळं धड दिसायला सेकंदाला शंभर नोंदी ही चैन नाही, किमान गरज आहे.

आपल्या भागाला काही सेकंदांची किंमत सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला, पाटण तालुक्यानं माणसं गमावली. त्या वेळी धरणाच्या आतल्या गॅलरीत अ‍ॅक्सेलेरोग्राफ, म्हणजे हादऱ्याचा प्रवेग नोंदणारं यंत्र, बसवलेला होता, म्हणून त्या काही सेकंदांच्या हादऱ्याची नोंद राहिली. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणात, सांडव्याच्या बाजूच्या काही ब्लॉकना आडव्या भेगा गेल्या. खालच्या अंगाचा उतार ज्या उंचीवर एकदम बदलतो, नेमक्या त्याच पट्ट्यात. पुढे धरणाला मागून काँक्रीटचा आधार देऊन ते भक्कम केलं गेलं. आणि कोयनेची ती नोंद आज जगभरचे धरण-अभियंते वापरतात. काँक्रीटच्या धरणाला भूकंपात काय होईल हे सांगणारं नवं सॉफ्टवेअर आलं की ते आधी कोयनेच्या धक्क्यावर घासून पाहिलं जातं. हादरा नोंदला गेला होता, पण धरणाच्या अंगात कुठे किती स्ट्रेन चढला ते अभियंत्यांना गणितानं शोधावं लागलं. आज ते थेट मोजता येतं. तेही सातारा जिल्ह्याच्या अभियंत्यांनी मोजावं, असं मला मनापासून वाटतं.

आता फायबरबद्दल. आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक असेल, पण निविदा वाचणारे सगळेच या विषयातले नसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

इंटरनेटच्या केबलमध्ये असतो तोच हा काचेचा तंतू. जाडी १२५ मायक्रॉन, त्यातला प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. या गाभ्यात अतिनील प्रकाशानं अगदी बारीक, समान अंतरावरच्या रेघा उमटवतात. काचेवर प्रकाशाचा असा कायमचा ठसा उमटतो हे १९७८ मध्ये कॅनडात केनेथ हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. रेघांच्या या पट्ट्याला फायबर ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात. लांबी साधारण एक सेंटिमीटर. आत सोडलेल्या प्रकाशातली एकच तरंगलांबी ते परत पाठवतं, बाकी प्रकाश पुढे जाऊ देतं. ग्रेटिंग ताणलं गेलं की रेघांमधलं अंतर वाढतं आणि परत येणारी तरंगलांबी सरकते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास एका मायक्रोस्ट्रेनला ती सुमारे १.२ पिकोमीटर सरकते. एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे मीटरभर लांबीत एका मायक्रॉनचा फरक, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. ताणाखाली काँक्रीटला भेग पडते ती शंभर-दीडशे मायक्रोस्ट्रेनच्या घरात, म्हणजे मोजमाप किती बारीक आहे ते लक्षात येईल.

एका तंतूवर वेगवेगळ्या तरंगलांबीची ग्रेटिंग एकामागून एक बसवता येतात. ८० नॅनोमीटरचा पट्टा असलेलं यंत्र घेतलं आणि प्रत्येक ग्रेटिंगला ४ नॅनोमीटर जागा दिली, तर एकाच धाग्यावर २० जागांचं मोजमाप होतं. पुलावर वीज लागत नाही, तार गंजत नाही. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे विजा कशा कोसळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तांब्याच्या लांब तारांवर लटकलेले विजेचे स्ट्रेन गेज त्या दिवसांत काय काय दाखवतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना काचेचं महत्त्व वेगळं पटवून द्यावं लागत नाही. १९९३ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत एका रस्त्याच्या पुलात अशी ग्रेटिंग बसवली गेली. अमेरिकेत मिनिआपोलिसचा पूल १ ऑगस्ट २००७ ला कोसळला, त्या जागी पुढच्याच वर्षी उभा राहिलेल्या नव्या पुलात शेकडो सेन्सर आहेत आणि त्यांत फायबरचेही आहेत. हे तंत्र परदेशातूनच आणावं लागतं असंही नाही. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत फायबर आणि ग्रेटिंगवर अनेक वर्षं काम चालू आहे.

या तंत्राची एक मोठी अडचण सांगितली जाते ती तापमानाची. अडचण खरी आहे. तापमान एक अंश वाढलं की ग्रेटिंगची तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटर सरकते, म्हणजे आठ मायक्रोस्ट्रेनचा खोटा आकडा. शिवाय काँक्रीट स्वतः अंशाला दहाएक मायक्रोस्ट्रेन फुगतं, ते वेगळं. सकाळ ते दुपार पुलाचं अंग पंधरा अंश तापलं तर आकडा अडीचशेच्या वर सरकतो. आणि भरलेला ट्रक गेला तर गर्डरवर, म्हणजे पुलाच्या मुख्य तुळईवर, येणारा फरक? कितीदा तरी तीस-पन्नास मायक्रोस्ट्रेनच. दहा मिनिटांनी एक नोंद घेणाऱ्याला उन्हाच्या डोंगरात ट्रकचा खडा शोधावा लागतो.

वेगानं मोजलं की हा प्रश्न बराचसा सुटतो. ट्रक जातो दोन सेकंदांत, आणि दोन सेकंदांत पुलाचं तापमान बदलत नाही. ट्रक येण्याआधीच्या सेकंदाचा आकडा शून्य धरायचा आणि तिथून पुढचा चढ-उतार मोजायचा; ऊन, महिनोन्‌महिने सरकणारा गोंद, काँक्रीटचं आकुंचन, सगळं त्या शून्यात गळून पडतं. जी गोष्ट सावकाश मोजताना सर्वांत जास्त त्रास देते, ती वेगात मोजताना मधे येत नाही. माझा वेगाचा आग्रह आहे तो मुख्यतः यासाठी.

प्रत्यक्ष पडद्यावर काय दिसतं ते सांगतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुलावर चढला. गर्डरच्या मधोमध खालच्या अंगाला चिकटवलेल्या ग्रेटिंगवर रेघ सावकाश वर चढते, एक रुंद टेकाड बनतं आणि उतरतं. त्या टेकाडावर बारीक थरथर असते. ज्यावरून गाड्या जातात त्या डेक स्लॅबच्या खालच्या बाजूला, दोन गर्डरच्या मध्ये बसवलेलं ग्रेटिंग मात्र प्रत्येक एक्सल सुटा दाखवतं : ट्रॅक्टरचं पुढचं चाक जेमतेम, मागचं ठळक, मग ट्रॉल्यांच्या एक्सलची शिखरं एकामागून एक. ट्रॅक्टर पलीकडे उतरला की रेघ लगेच सपाट होत नाही. गर्डर काही सेकंद हेलकावतो आणि हेलकावे लहान होत जातात. माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचा भाग हाच. त्या हेलकाव्यांवरून पुलाची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा हेलकावतो, ते मिळते, आणि ती गाडीच्या वजनावर फारशी अवलंबून नसते. गर्डरचा ताठपणा दहा टक्के घटला तर वारंवारता सुमारे पाच टक्के उतरते. तापमानानंही ती थोडी हलते, म्हणून वर्षावर्षाची तुलना त्याच ऋतूत, दिवसाच्या त्याच वेळी करावी.

दुसरी एक युक्ती आपल्यापैकी प्रत्येकाला पटेल. एकाच छेदावर एक ग्रेटिंग खाली, एक वर बसवा. दोन्हींच्या स्ट्रेनच्या गुणोत्तरावरून न्यूट्रल अ‍ॅक्सिस, म्हणजे गर्डर वाकताना जिथे ना ताण ना दाब येतो ती पातळी, कुठे आहे ते निघतं. गाडी दहा टनांची असो वा तीस टनांची, गुणोत्तर तेच राहायला हवं. ते बदललं तर गर्डरच्या आत काहीतरी बदललंय, आणि त्यासाठी गाडीचं वजन माहीत असायची गरजही नाही.

वजन माहीत असलेली गाडी मिळाली तर आणखी चांगलं, आणि ती सोय आपल्या दोन जिल्ह्यांइतकी फार कमी ठिकाणी असेल. प्रत्येक साखर कारखान्याच्या दारात वजनकाटा आहे. काट्यावर वजन केलेला भरलेला ट्रक आधी पुलावरून चालण्याच्या वेगानं न्या, मग नेहमीच्या वेगानं. दोन्ही वेळचा सर्वाधिक स्ट्रेन घ्या. दुसरा पहिल्याहून जितका जास्त, तितका त्या पुलाचा खरा इम्पॅक्ट, म्हणजे धावत्या गाडीच्या धक्क्यानं होणारी वाढ. आयआरसी ६ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांवरील भारांच्या संहितेत, क्लास ए या ठरावीक भारासाठी आरसीसी पुलाचा इम्पॅक्ट फॅक्टर ४.५ भागिले (मीटरमधली गाळ्याची लांबी अधिक ६) असा काढतात. २० मीटरच्या गाळ्याला तो सुमारे १७ टक्के येतो. आराखडा करताना ते ठीक आहे. पण एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे गाळ्याच्या टोकाचा सांधा, उखडलेला असेल, पुलाच्या तोंडाशी रस्ता खचून पायरी झाली असेल, तर चाक आपटतं आणि खरा इम्पॅक्ट सूत्राच्या बाहेर जाऊ शकतो. पुलाच्या तोंडाशी चार पाट्या डांबर टाकून जो फायदा होतो तो किती, हे या चाचणीनं आधी-नंतर मोजून दाखवता येईल. मला वाटतं, आपल्याच खात्यात निधी मागताना असा आकडा फार उपयोगी पडेल.

आयआरसी एसपी ५१ ची भारचाचणी याला पर्याय नाही आणि ही पद्धत तिला पर्याय नाही. त्या चाचणीत भार २४ तास पुलावर ठेवतात, काढल्यावर गर्डर किती सावरतो ते पाहतात. आरसीसीला ७५ आणि प्रीस्ट्रेस्डला (आधीच ताणलेल्या तारांच्या काँक्रीटला) ८५ टक्के सावरणं अपेक्षित असतं. त्यासाठी रस्ता बंद करावा लागतो. चालत्या वाहतुकीतलं मोजमाप मात्र रोज घेता येतं.

फायबरला काय दिसत नाही तेही इथेच सांगायला हवं, कारण विकणारे ते सांगत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. पायाखालची माती नदी खरवडून नेते तेव्हा गर्डरला चिकटवलेलं ग्रेटिंग आधी ओरडेलच असं नाही. पिअर, म्हणजे पुलाचा खांब, झुकायला लागला, आधार ढिला झाला तर वारंवारतेत आणि स्ट्रेनच्या आकारात फरक पडतो. पण तोवर उशीर झालेला असू शकतो. पायाची तपासणी पाण्याखाली उतरून, सोनार लावून करावीच लागेल. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याच्या खुणेच्या बारा फूट वर. असे पूर पाहिलेल्या जिल्ह्यानं स्ट्रेनच्या सेन्सरवर पायाचा भरवसा ठेवू नये.

फायबरच्या पूर्ण लांबीवर मोजणाऱ्या पद्धतींबद्दलही सावध राहा. ब्रिलुआँ विकिरणावर, म्हणजे काचेत विखुरून परत येणाऱ्या प्रकाशावर, चालणारी सर्वसाधारण यंत्रं किलोमीटरच्या किलोमीटर स्ट्रेन दाखवतात, पण एका नोंदीला सेकंद ते मिनिटं घेतात. धरणाच्या, बोगद्याच्या, दरडीच्या सावकाश हालचालीला ती उत्तम. पुलावरून जाणाऱ्या ट्रकला नाहीत. माहितीपत्रकावर 'ऑप्टिकल फायबर' एवढं वाचून निविदा मंजूर झाली तर चुकीचं यंत्र पुलावर बसेल.

खर्चाचा प्रश्न येणार. ग्रेटिंग आणि केबल फार महाग नाहीत. महाग आहे ते प्रकाश वाचणारं यंत्र, इंटरोगेटर. त्याला काही लाख रुपये पडतात. म्हणून प्रत्येक पुलावर एक यंत्र ठेवू नका. फायबर पुलांवर कायमचं बसवा, त्याचं टोक पुलाच्या अबटमेंटजवळ, म्हणजे काठावरच्या आधाराजवळ, कुलूपबंद पेटीत आणून ठेवा, आणि यंत्र एकच घ्या. ते गाडीत घालून पुलापुलावर फिरवता येतं. यंत्र ठेवायला जागा आपल्याकडे आहेत : सांगलीत १९४७ पासूनचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, कराडला १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. कराडजवळ हजारमाचीत तर भूगर्भ संशोधनासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळाच आहे. विद्यार्थी नोंद घेतील, प्राध्यापक वाचतील, निर्णय आपण घ्याल. तंतू तुटला तर जोडायला पुण्या-मुंबईहून माणूस बोलवायला नको. गावोगाव इंटरनेट पोचवणाऱ्या मुलांकडे तालुक्यातालुक्यात स्प्लायसिंग मशीन आहे आणि त्यांचा हात माझ्याहून बसलेला आहे. फक्त दोन गोष्टी त्यांना शिकवाव्या लागतील : काँक्रीट घासून, धूळ काढून इपॉक्सी कसं बसवायचं, आणि कनेक्टरचं तोंड प्रत्येक वेळी पुसूनच जोडायचं. पुलाखालची धूळ कनेक्टरवर बसली की चांगला सेन्सरही मेल्यासारखा दिसतो. पेटीत उंदीर शिरणार नाहीत अशी तोंडं बंद करा, हेही अनुभवानंच सांगतो.

निविदेत काय लिहावं? सेकंदाला किमान १०० नोंदी, सर्व सेन्सर एकाच घड्याळावर. तापमान मोजणारं, ताण न लागणारं एक वेगळं ग्रेटिंग प्रत्येक छेदाजवळ. काही मायक्रोस्ट्रेनचा फरक स्वच्छ दिसेल इतका कमी गोंगाट, आणि तो ठेकेदारानं पुलावर, चालत्या वाहतुकीत दाखवायचा. कार्यालयातल्या टेबलावर नव्हे. सगळ्यांत महत्त्वाचं, मूळ नोंद विभागाच्या ताब्यात, कुठल्याही संगणकावर उघडेल अशा स्वरूपात हवी. ठेकेदार सरासरी आणि आलेख देतो, मूळ आकडे त्याच्याकडेच राहतात, आणि करार संपला की तेही जातात. साठवणुकीची सबब कुणी सांगितली तर हिशेब दाखवा : २० सेन्सर, सेकंदाला १०० नोंदी, नोंदीला चार बाइट, म्हणजे अखंड दिवसाचे ७०० मेगाबाइटही होत नाहीत. मोबाइलच्या कार्डावर आठवड्यांची नोंद मावते. ती नोंद अभ्यासकांसाठी खुली ठेवा, ही माझी वैयक्तिक विनंती. कोयनेची नोंद कपाटात राहिली असती तर जगाला तिचा उपयोग झाला नसता.

सातारा-कागल सहापदरीकरणासारख्या नव्या कामांत, जिथे बांधकाम आपल्या किंवा राष्ट्रीय महामार्गाच्या ताब्यात चालू आहे, तिथे गर्डर ओतण्याआधीच फायबर सळईला बांधून आत टाकता येतं. पूल पहिल्या दिवशी कसा वागतो याची नोंद तेव्हाच मिळते. नंतर कितीही खर्च केला तरी ती परत मिळवता येत नाही. त्यासाठी संबंधितांशी आपण बोलावं.

जुन्या पुलांसाठी वेळापत्रकही सुचवतो. सप्टेंबरात दोन्ही जिल्ह्यांतून उसाची वाहतूक ज्यांच्यावर सर्वाधिक आहे असे तीन-चार पूल निवडा. ऑक्टोबरच्या उन्हात काँक्रीट कोरडं झालं की फायबर चिकटवा. ओल्या पृष्ठभागावर इपॉक्सी धरत नाही. कारखान्यांची धुराडी पेटण्याआधी वजन केलेल्या ट्रकची पहिली चाचणी घ्या, हंगाम संपल्यावर दुसरी, आणि त्यानंतर दरवर्षी त्याच आठवड्यात, शक्यतो सकाळी, पुलावर ऊन येण्याआधी. चिकटवण्याच्या कामाला आणि पहिल्या चाचणीला मी स्वतः येईन, कुठलंही मानधन न घेता. दोन्ही महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना बरोबर घ्यावं, एवढीच अट.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता
सांगली